खडूची रेघ

४ सप्टेंबर १८८६, शनिवार
दिवसभर वारा. दोन बादल्या बटाटे काढले. गाय आटत चालली आहे. संध्याकाळी ईनॉक भाऊजींनी खडूची रेघ पुन्हा ओढली.

दर शनिवारी ओढतात. ऑरिनने आणि त्याच्या या थोरल्या भावाने डाकोटात शेजारी-शेजारी सरकारी जमीन घेतली. जो पाच वर्षं आपल्या जमिनीवर राहील आणि ती कसेल, त्याची ती, असा कायदा. दोन घरांपुरतं लाकूड नव्हतं, म्हणून बरोबर हद्दीवर एकच घर बांधलं. अर्धं आमच्या जमिनीवर, अर्धं भाऊजींच्या. मधे फळ्यांवर रेघ. ते तिकडे झोपतात, आम्ही इकडे. कायदा खूश. खडू मात्र माझा — शाळेत शिकवत होते तेव्हाचा.

'आम्ही' लिहिणं सोडायला हवं. ऑरिनला जाऊन सहा महिने झाले.

७ सप्टेंबर
जेवताना भाऊजींनी विषय काढला. पुढच्या महिन्यात, बारा तारखेला, जमीन कचेरीत दोघांचे दावे आहेत. मी त्यांची साक्षीदार, ते माझे. दुसरा साक्षीदार शेजारचा लाउडर. त्याला गाडीत बसायला जागा दिली की तो कशावरही शपथ घेतो.

पण भाऊजींचं मन त्यांना खातं आहे म्हणे. शेवटचे सात आठवडे ऑरिनचा पलंग चुलीपाशी होता, आणि चूल त्यांच्या बाजूला. त्याच्या उशाशी मीही तिथेच. म्हणजे सात आठवडे आम्ही आमच्या जमिनीवर राहिलोच नाही!
"देवाच्या पुस्तकावर हात ठेवून खोटं कसं बोलू, थर्झा?"
तीन दिवस प्रार्थना केली, तेव्हा देवाने त्यांना वाट दाखवली. मी जमीन त्यांच्या नावे करून द्यायची. इथेच राहायचं, स्वयंपाक करायचा. देवाने गाईचाही विचार केलेला दिसतो — ती त्यांच्याकडे.

जानेवारीत पलंग चुलीपाशी सरकवू का, असं मीच विचारलं होतं. भाऊजींनी थोडा वेळ विचार करून परवानगी दिली. ऑरिन खोकत खोकत हसला होता. "मी घरीच आहे, थर्झा." मला वाटलं, ताप चढला.

८ सप्टेंबर
टेकाडावर जाऊन आले. सही केली तर टेकाडही जाईल, आणि तिथे ऑरिन आहे.

खरं ते लिहिते. मार्चमध्ये जमीन लोखंडासारखी होती. भाऊजींनी दोन दिवस कुऱ्हाडीने खड्डा खणला. कुणाला हात लावू दिला नाही. त्या दोन दिवसांत कायद्याचं एक अक्षर काढलं नाही.

सही करणार नाही, असं रात्रीच्या जेवणाला सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.

१३ सप्टेंबर
भाऊजींनी मोजणीदार बोलावला आहे. पलंग नेमका कोणत्या फळीवर होता ते कागदावर यायला हवं. एक इंचही कुणाचा नको, म्हणाले.

२० सप्टेंबर
मोजणीदार आला. साखळीने दोनदा मोजलं. कॉफी प्यायला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हे अख्खं घर तुमच्या जमिनीत आहे. हद्द त्या भिंतीपलीकडे दोन फूट. तिथे, खुराड्यापाशी."
भाऊजींनी साखळी तपासायला मागितली.

पाच वर्षांपूर्वी मोजणी अशी झाली होती — गाडीच्या चाकाला चिंधी बांधायची आणि फेरे मोजायचे. भाऊजींच्या कोपऱ्यावरच्या खुंटीपासून एकशे अठ्ठ्याऐंशी. एका फेऱ्याचे चौदा फूट. ऑरिनवर भरवसा नव्हता, म्हणून भाऊजी स्वतः मोठ्याने मोजत होते, आणि मधे मधे त्याला आळसाबद्दल चार शब्द सुनावत होते. कुठेतरी एक फेरा जास्त झाला, आणि रेघ चौदा फूट आमच्या जमिनीत आली.

थोडक्यात, पाच वर्षांत भाऊजी एकही रात्र स्वतःच्या जमिनीवर झोपलेले नाहीत. कायद्याप्रमाणे राहिल्या त्या फक्त त्यांच्या कोंबड्या.

घर तुमचं तर कागदही तुम्हालाच, असं म्हणून मोजणीदाराने कागद माझ्या हातात दिला आणि तो मोंटानाकडे निघून गेला.

२१ सप्टेंबर
भाऊजी रात्री खुराड्यापलीकडे गाडीत झोपले. थंडी होती.

मी रेघ घासून काढली. तीन बादल्या पाणी, राखेचा साबण. फळ्यांच्या खाचांत पाच वर्षांचा खडू होता. मार्चनंतर इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुपारी दारावर टकटक झाली. पाच वर्षांत पहिल्यांदा! भाऊजी, टोपी हातात. "थर्झा, माझी साक्ष देशील ना?"
मी म्हटलं, तीन दिवस प्रार्थना करून सांगते.

२४ सप्टेंबर
तीन दिवस झाले. प्रार्थना केली नाही.

गाय पहिल्यांदा कधी व्याली ते बघायला जुनी पंचांगं काढली. १८८१ चं उघडलं. सात ऑक्टोबरच्या चौकोनात ऑरिनची पेन्सिल —
'हद्द मोजली. दादा एक्केचाळीस दोनदा म्हणाला. राहू दे.'

पाच वर्षं! रोज सकाळी चुलीकडे जाताना तो रेघ ओलांडायच्या आधी विचारायचा, "येऊ का, दादा?" आणि भाऊजी म्हणायचे, "ये."

ताप नव्हता त्याला.

गाईचं बघायचं राहिलं.

१२ ऑक्टोबर
कारकुनाने विचारलं, ईनॉक पाच वर्षं स्वतःच्या भागात राहिले का? मी म्हटलं, "आमच्या घरात ती बाजू त्यांचीच होती. नेहमीच." त्याने 'हो' लिहिलं. भाऊजी टोपीत बघत होते. माझ्या वेळी ते एकच शब्द बोलले. "राहिली."

ते लाउडरकडे थांबले. मी एकटी परतले. मोजणीदाराचा कागद चुलीत घातला. मग गुडघ्यांवर बसून, आठवेल तशी, रेघ पुन्हा ओढली.