चौकातला अर्धा फ्लेक्स

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. पृथ्वीराज,

आशीर्वाद. आम्ही ठणठणीत. म्हैस व्यायली, रेडी झाली. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू कट करतोस, म्हणून पत्र लिहायला बसलो.

दिवाळीला आला नाहीस. तू चित्रं काढलेल्या त्या सायकलच्या उड्यांच्या गेमवर टीव्हीवाले तुटून पडलेत, आता गल्लीत तोंड कसं दाखवू, असं आत्याला म्हणालास म्हणे. अरे बाबा, तुझं तोंड आठ फुटी होऊन चौकात लटकतंय!

झालं असं, की सलूनमधल्या टीव्हीवर तुझा फोटो दिसला. आवाज बंद होता, मला वाटलं कौतुकच चाललंय. आपल्या गल्लीत पोरगं भरतीत पास झालं तरी फ्लेक्स लागतो, तू तर टीव्हीवर! तालमीतल्या पोरानं, कृष्णातनं, नेटवरून गेमचं चित्र काढून छापायला दिलं. सकाळी बघतो तर एकीकडं तू, दुसरीकडं सायकलवरून उडणारी बाई. अंगावर कापड म्हणशील तर रुमालभर.

"मोबाईलवर अंगठ्याएवढं दिसत हुतं की ओ काका," कृष्णात म्हणाला.

आत्यानं स्वतःची नऊवारी आणून बाईला झाकलं. मग काय, साडीखाली काय आहे ते बघायला शेजारच्या पेठेतली माणसं यायला लागली.

संध्याकाळी तालमीची जाणती मंडळी जमली. "गणपतराव, उतरा ह्यो फ्लेक्स." मी कात्री आणली, बाई कापून काढली. तू राहिलास.

"ह्यो पण उतरा की!"

"न्हाय उतरणार. खाली शुभेच्छुक बघा. एकच नाव हाय, माझं."

चित्र मला आवडलेलं नाही, तोंडावर सांगतो. एवढ्या उंचावरून उडी आणि गुडघ्याला साधी पट्टी नाही? सायकल मात्र झकास काढलीस. मी बराच वेळ बघत उभा होतो.

आत्या म्हणते, "भांडायचं तर समोर बसून भांडा." खरं आहे तिचं. तू नसल्यावर मला जेवण गोड लागत नाही.

शनिवारी ये. स्टँडवर मी येतो. रिक्षा करायची नाही, मागच्या बोळानं जायचं नाही. भर चौकातून दोघं चालत घरी जाऊ. कुणी काही विचारलंच, तर उत्तर मी देईन.

तुझा बाप,
गणपतराव