मधल्या खोलीतला प्रिंटर

मी, श्रीमती विजयमाला गुंडा खराडे, वय वर्षे एकाहत्तर, सातारा एक्स्चेंजची सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, हल्ली राहणार सांगली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपणाखाली मी नोकरीतही कधी नव्हते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. चारुलता आपटे यांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे दीर दादासो शंका काढणारच. मजकूर मुद्दाम हाताने लिहिला आहे. छापायचा तर एका मुलाच्या कॉम्प्युटरवरून पाठवावा लागला असता आणि दुसरा म्हणाला असता, आई तिकडे झुकली.

१. सांगलीचे राहते घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. ते माझे मुलगे लालासाहेब व राजवर्धन यांना निम्मे-निम्मे मिळावे. दोन वर्षांपूर्वी दोघांनी बेदाण्याचा व्यापार वेगळा केला, चुली वेगळ्या केल्या, माझ्या खोलीच्या मागे घरभर भिंत घातली आणि एकमेकांशी बोलणे टाकले. भिंत पाडा असे मी म्हणत नाही. पण कलम ३ वाचल्याशिवाय तिला खिळाही ठोकू नये.

२. पाटल्या व मोहनमाळ मुलगी राजेश्वरी हिला. सुनांनी नाक मुरडू नये, त्यांच्या अंगावर आहे ते मीच घातले आहे. नोकरीतला हेडफोन मैत्रीण मनुबाईला. तिचा त्यावर पहिल्यापासून डोळा आहे.

३. प्रिंटर. वाटणीला पंच म्हणून दादासो बसले. त्यांनी कॉम्प्युटर थोरल्याला दिला आणि प्रिंटर धाकट्याला, म्हणजे जाते एकाला आणि खुंटा दुसऱ्याला. वर मला म्हणाले, "वैनी, आता कुनाची तक्रार न्हाई."

लालासाहेबाने शाईचा नवा प्रिंटर घेतला. पण बेदाण्याच्या पावत्या कार्बन लावून तीन प्रतींत काढायच्या असतात, आणि खालच्या प्रतीवर ठसा उमटवायला आमचा सुया आपटणारा, घर डोक्यावर घेणारा जुना प्रिंटरच लागतो. थोरला पावत्या हाताने खरडू लागला. धाकट्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि भावाची फजिती पाहून हसला. ते हसणे माझ्या जिव्हारी लागले. मी प्रिंटर उचलून माझ्या खोलीत आणला. घर माझे, अडवतो कोण?

दुकानदार म्हणाला, याची जाड वायर एकाच कॉम्प्युटरला लागते, नेटवर्कचा नाद सोडा. दादासो म्हणाले, भंगारात घाला. मी आयुष्यभर कोरेगावचा माणूस मुंबईच्या माणसाला जोडून दिला आहे. जोडता येत नाही, हे मी कोणाचेच ऐकून घेत नाही. मनुबाईच्या जावयाकरवी पुण्याहून एक डबी मागवली. तिच्या एका तोंडाला प्रिंटरची जाड वायर, दुसऱ्याला दुफाटा लावून नेटवर्कच्या दोन बारीक. माझ्या खोलीच्या पुढच्या भिंतीला भोक पाडून एक वायर थोरल्याकडे नेली, मागच्या नव्या भिंतीला पाडून दुसरी धाकट्याकडे.

थोरल्याची पावती स्वच्छ आली. धाकट्याकडून नुसती चित्रविचित्र अक्षरे, कागदामागून कागद. आमच्या प्रिंटरचे नाव त्याच्या कॉम्प्युटरच्या यादीतच नव्हते. त्याऐवजी कोणते नाव निवडले की चालते, ते फक्त लालासाहेबाला ठाऊक. दोघेही मला म्हणाले, तू विचार, तू सांग. मी साफ नकार दिला. ऑपरेटर लाइन जोडते, निरोप पोचवत नाही.

शेवटी लालासाहेब माझ्या खोलीत आला, कागद पाहिला आणि मागच्या भिंतीच्या भोकाकडे तोंड करून म्हणाला, "राजा, दुसरं नाव घे. यादीत खाली हाय बघ."

पलीकडून आवाज आला, "कंचं?"

"थांब, येतो."

आणि तो दारातून वळसा घालून गेला. मी पदर तोंडात धरून रडले, हेही नोंदवून ठेवते.

सबब, माझी खोली व प्रिंटर दोघांच्या सामाईक मालकीचे राहतील. जो वायर तोडेल किंवा भोक बुजवेल त्याचा हिस्सा राजेश्वरीला जाईल. वकील म्हणतात, अशी अट कोर्टात टिकेलच असे नाही. मोडायची असेल तर दोघांनी मिळून एकच अर्ज करावा आणि तो याच प्रिंटरवर छापावा.

४. प्रिंटरच्या वापरलेल्या शाईफिती दादासोंना द्याव्यात. त्यांना भंगाराची पारख आहे.

५. माझ्या दहाव्याची पत्रिका दोघांनी वेगवेगळी काढल्यास माझ्या पिंडाला हात लावू नये. पत्रिका एकच निघेल. वरचा मजकूर थोरल्याने आपल्या कॉम्प्युटरवरून छापावा, तोच कागद पुन्हा घालून खालची नावे धाकट्याने. कागद सरळ बसायला एकाला प्रिंटरपाशी उभे राहून भिंतीपलीकडच्या दुसऱ्याला हाक मारावी लागेल. ती मारा. तेव्हा मध्ये मी नसेन.

सही: विजयमाला गुंडा खराडे

बाईंनी आमच्यादेखत, स्वतः चष्मा पुसून, वाचून सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही केली.
साक्षीदार: १. मनुबाई साळुंखे, सातारा
२. डॉ. चारुलता आपटे, सांगली

ठिकाण: सांगली
दिनांक: ९ डिसेंबर १९९९