गळ्यावरची बोटं

९ फेब्रु.
साईंनी (आमच्या सेठचे वडील) आज नाटकाचा तिसरा प्रवेश सांगितला. कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर बसून देवनागरीत उतरवला. सिंधी त्यांची, अक्षरं माझी. त्यांना आता अक्षर दिसत नाही, तेव्हापासून असंच. तरुणपणी गल्ल्यावर बसून कापडाच्या थानातल्या पुठ्ठ्यांवर कथा लिहायचे. पुढे नाटकं. कपाट भरून पुस्तकं आहेत, सगळी जुन्या सिंधी लिपीत, उजवीकडून डावीकडे. घरात वाचणारं कोणी नाही.
ऐकूही येत नाही, डाव्या कानात ओरडावं लागतं. पण सांगताना प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढतात. खाली गिऱ्हाइकं माना वर करून बघतात.
नाटक एका म्हाताऱ्याचं. दोन मुलगे, समोरासमोर दोन फ्लॅट. म्हाताऱ्याची खाट कोणाकडे ठेवायची? शेवट अजून नाही. चेटीचंडला, त्यांच्या नववर्षाला, करायचं आहे.

१४ फेब्रु.
आई : "आपली पोवारी त बोलत नाही, अन् सेठच्या बुढ्याची भाषा शिकून राहिला."
जेवायला वाढ म्हणालो. मराठीत.

१८ फेब्रु.
तालीम सुरू, कॉलनीच्या सभागृहात. साईंची नात, म्हणजे सेठची मुलगी नव्या, नाटकातही नातच आहे. तिचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून साईं तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवतात. सिंधीत काही अक्षरं श्वास आत ओढून म्हणायची असतात. तेव्हा कंठ खाली जातो. "ॿुधो, ॾाॾा." म्हणजे ऐका, आजोबा. एवढ्यात तीनदा जायला हवा. तिचा एकदाही नाही.
"बेटा, तू तो आवाज़ फेंक रही है. निगल."
ती हसत सुटली.
घरी आरशासमोर करून पाहिलं. माझा तीनदा गेला. उगाच बरं वाटलं. मग वहीत अशा अक्षरांखाली द्यायच्या रेघा पुन्हा तपासल्या, दोन राहिल्या होत्या.

२४ फेब्रु.
सुनीलसेठनी (साईंचा मुलगा, माझा मालक) गल्ल्यावर बोलावलं. मुलांच्या तोंडात वाक्यं बसत नाहीत, बघणाऱ्यांनाही अर्धी कळणार नाहीत, सगळ्या समाजासमोर हसं होईल. तर गुपचूप हिंदीत करून दे. "पापा को कौन सा सुनाई देता है. आगे बैठेंगे, तालियाँ देखेंगे, खुश हो जाएँगे."
साईंना विचारू का म्हटलं.
"तू लिखता है कि घर चलाता है?"
सेठ वाईट नाहीत. वडिलांचं नाटक व्हावं असं त्यांना खरंच वाटतं. म्हणून तर नाही म्हणणं जास्त अवघड.

२ मार्च
हिंदी करून दिलं. सोपं गेलं, गोंदियात हिंदी कोणाला येत नाही?
सकाळी साईंनी विचारलं, बच्चे कैसा बोल रहे हैं? कानात ओरडलो, अच्छा. खोटंसुद्धा ओरडून बोलावं लागतं. खाली सेठनी मान वर केली नाही.
डबा न उघडता घरी नेला.

९ मार्च
साईं न सांगता तालमीला आले. एकटे, रिक्षाने. चालू ठेवा, अशी खूण केली. थोडा वेळ मांडीवर ठेका धरला. मग उठून नव्याच्या गळ्यावर बोटं ठेवली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सुनिए, दादाजी."
बोटं तिथेच. 'ॿु'ला गळा घुमतो, 'सु'ला घुमत नाही. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच.
बोटं काढली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "घर छोड़."
रिक्षात मी दोनदा त्यांच्या डाव्या कानाशी वाकलो, दोनदा पुन्हा सरळ बसलो.

११ मार्च
साईं माळ्यावर आले नाहीत. घडी केलेली थानं मी उलगडली, पुन्हा घडी केली.

१३ मार्च
आले. बसले. "लिख."
सगळे हिंदीच बोलतील. मुलगे, सुना, नात. सिंधी फक्त म्हाताऱ्याची. तो काहीही म्हणाला तरी ते 'हाँ पापा' म्हणतात आणि खाट उचलून समोरच्या दारात नेतात.
"पहले वाला नाटक झूठा था. उसमें सब बुड्ढे की बात समझते थे."
हिंदी कोणी केलं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.
म्हाताऱ्याचं काम कोण करणार, मी ओरडलो.
"मैं."
सेठ धावत वर आले. पापा, तुमची पाळी आली हे कळणार कसं? साईंनी माझ्याकडे बोट केलं.

१७ मार्च
मी खाटेखाली. चादर जमिनीपर्यंत. पाळी आली की त्यांच्या पायाचा अंगठा दाबायचा. खाट उचलली की खालून रांगत जायचं. मुलं हसून लोळतात. नव्या सोडून.
शेवटी खाट दोन दारांच्या मधे, जिन्यावर राहते. नात येऊन म्हणते, सुनिए दादाजी. त्यावर म्हाताऱ्याचं एक वाक्य, मग पडदा. ते वाक्य साईं सांगत नाहीत. पान कोरं. पडद्याची दोरी माझ्याकडे. संपलं हे मला कळणार कसं?
आई : "तू दिसणारच नाही त मी येऊ कायले?" थोड्या वेळाने : "किती वाजता आहे?"

२० मार्च, चेटीचंड
मिरवणूक आली, ढोल इथपर्यंत ऐकू येतो. सेठ तिसऱ्यांदा खुर्च्या सरळ करत आहेत. आई मागच्या रांगेत बसली आहे, फटीतून पाहिली. साईं खाटेवर, डोळे मिटून. शेवटचं वाक्य पुन्हा विचारलं. "आएगा तो बोलूँगा."
आत्ता नव्या आली, मला पडद्यामागे ओढलं. स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. "भैया, देखो." ॿुधो, ॾाॾा. पहिल्याला कंठ खाली गेला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला नक्की सांगता येत नाही.
म्हणाली, शेवटी सुनिए म्हणणार नाही, हेच म्हणणार. त्यांचा हात उचलून गळ्यावर ठेवणार. त्यांना सांगू नका, पापांनाही नको.
त्यांना बोटांनीच कळलं, तर मग मी अंगठा दाबायचा का? कधी? हे बसवलेलंच नाही.
पहिली घंटा झाली. खाटेखाली जातो.