बाबांचा नवा पंप

प्रिय लोवरी,

तुझं पत्र आणि तू शिकवतेस त्या वर्गातल्या मुलांनी काढलेलं मेंढ्यांचं चित्र, दोन्ही पोचलं. चित्र मी फळीवर बशांच्या पुढे उभं केलंय. त्यातल्या एका मेंढीला पाच पाय आहेत. बाबा म्हणाले, "बरं झालं आपली अशी नाही, पळाली असती तर मला जन्मात सापडली नसती!" ते आज डोंगरावर गेलेत. थंडी पडायच्या आत मेंढ्या खाली आणायच्यात. शेजारचा एम्लिन दुपारी सोबत जाणार होता, पण तुझ्या बाबांना धीर कुठला? पेरो कुत्र्याला घेतलं आणि सकाळीच निघाले. मी स्वयंपाकघरात फोनजवळ बसलेय, खिडकी सताड उघडी टाकून. गारठा आत येतोय, येऊ दे. शिट्टी ऐकू यायला हवी. अक्षर वाकडंतिकडं येतंय, तिकडे बघू नकोस.

माझं हे वेड तुला नवं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांच्या छातीची खबर डोंगरावरच्या शिट्टीवरून घेते. दोन बोटं तोंडात घालून ती लांब शिट्टी मारली की कुत्रा असेल तिथे बसतो, दोन आखूड मारल्या की उठून चालू लागतो. लांब शिट्टी सरळ आली की मी निर्धास्त माझ्या कामाला लागते. मध्येच तुटली तर माझ्या हातातलं काम तिथेच राहतं. तू पोरवयात त्यांच्याइतकीच झकास शिट्टी मारायला शिकलीस तेव्हा तुझी आजी म्हणाली होती, "मुलीच्या जातीला शोभतं का हे?" आणि बाबा म्हणाले होते, "शोभू दे नाहीतर नको, तिची छाती धड आहे एवढं कळलं ना मला!"

वसंतात दवाखान्याने त्यांचा दम्याचा निळा फवाऱ्याचा पंप बदलला, हे तुला फोनवर बोलले होते. त्यातला वायू म्हणे हवेला वाईट, त्याने जग तापतं. डेलिथ नर्सने त्याऐवजी पावडरचा दिला. बाबा तिला म्हणाले, "अगं, आमच्या मेंढ्या दिवसभर ढेकर देतात, त्यांचं काय करणार आहेस?" ती हसून हसून बेजार. पण पोरीने शिकवलं अगदी नीट. हा हलवायचा नाही, खालचं चाक फिरवायचं आणि तोंडाला लावून जोरात श्वास आत ओढायचा. बाबांचं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. फवारा कसा, फुस्स करतो, घशाला गार लागतो, औषध मिळालं हे कळतं. या पावडरीला ना चव ना आवाज. "रिकाम्या वाडग्यातून सूप प्यायल्यासारखं वाटतं गं," म्हणाले. आत किती उरलंय त्याचा आकडा बाजूच्या छोट्या खिडकीत दिसतो, पण त्यांचं म्हणणं, आकडा काय, कोणीही छापेल.

आपल्या घरचा रविवार तुला आठवतो ना? चॅपलहून आलं की आजी पांढऱ्या इनॅमलच्या वाडग्यात पाणी घ्यायची आणि बाबांच्या पंपातली धातूची नळी काढून त्यात सोडायची. तळाला गेली तर भरलेली, उभी तरंगली तर अर्धी, आडवी पडली तर संपली. तू स्टुलावर चढून ओरडायचीस, "बुडाली! बुडाली!" आणि आजी पदरचं आयुष्य दिल्यासारखी म्हणायची, "चला, हा आठवडा निभला." तुला तो खेळ वाटायचा. तुझे ग्विलिमकाका, तिचा थोरला मुलगा, खिशात रिकामा पंप घेऊन डोंगरावर गेले होते आणि त्यांना चौघांनी दाराच्या फळीवर घालून खाली आणलं होतं, हे तुझ्यासमोर कोणी बोलायचं नाही असा तिचा दंडक होता. तेव्हापासून या घरातला एकही पंप पाण्यात न पाहता खिशात गेला नाही.

नवा पंपही गेला नाही. त्याची नळी निघत नाही, म्हणून बाबांनी अख्खाच पाण्यात सोडला, बुडाला, समाधान झालं, मग स्टोव्हच्या दांड्यावर वाळवून खिशात टाकला. गवत भरायच्या दिवसांत गोठ्यात त्यांना धाप लागली. ओढतात, ओढतात, आत काही जातच नाही. ओठ निळे पडले होते, लोवरी. एम्लिनच्या बायकोचा जुना फवारा गाडीत होता म्हणून वाचले. तुला तेव्हा "जरा दम लागला होता" एवढंच सांगितलं. डेलिथने तो पंप उघडून दाखवला तर आत पावडरीचा भिजलेल्या पिठासारखा गोळा. तिने कपाळावर हात मारला. "इदवालकाका, याला पाण्याचा थेंबही चालत नाही!" बाबांनी मान खाली घालून शब्द दिला, पुन्हा नाही. तिने दुसरा दिला. मी तो इनॅमलचा वाडगा उचलून कोंबड्यांच्या दाण्याला लावला, म्हटलं, वाडगाच नको नि ती परीक्षाही नको.

आज ते गेल्यावर कोंबड्यांकडे गेले तर दाणे जमिनीवर ढीग घालून ओतलेले. वाडगा इथे मोरीत, घासलेला, ओला. आणि स्टोव्हच्या दांड्यावर नव्या पंपाचं झाकण वाळत पडलेलं, न्यायचं विसरलेलं.

मी लगेच एम्लिनला फोन केला. तो आल्याबरोबर कपाटातला शेवटचा जुना फवारा त्याच्या हातात दिला. तो डोंगराच्या फाटकापर्यंत गाडीने गेला, पुढे पायी. वर फोन लागत नाही. खाली आला की पहिल्या घरातून कळवतो म्हणाला, म्हणून मी हा फोन अडवत नाहीये, तुझ्यासाठीसुद्धा नाही. तुला लिहायला बसले तेव्हा वरून लांब शिट्टी आली. शेवटाकडे तुटली. त्यानंतर आली नाही.

हे पत्र पोचेल तेव्हा तुला बरी नाहीतर वाईट बातमी कळलेली असेल. फोनवर मला एवढं बोलणं जमणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवतेय. लोक म्हणतील, इदवाल हट्टी, सांगितलेलं ऐकत नाही. तू तसं म्हणू नकोस, बाई. त्यांनी हयगय केली नाही. घरी परत यायचं होतं म्हणूनच पाण्यात घालून बघितला. आणि तू ये. जमेल तशी ये. खिडकीतून मला पेरो दिसतोय, उतारावर पोट टेकून बसलेला, तोंड वर करून. एम्लिन त्याच्या बाजूने वर गेला तरी हलला नाही. मी दारातून किती हाका मारल्या. मेंढ्या एकेक करून त्याच्या अगदी जवळून परत वर चालल्यात आणि तो बसूनच आहे. दोन आखूड शिट्ट्या ऐकल्याशिवाय तो उठायचा नाही, आणि त्या बाबांच्या खालोखाल फक्त तुलाच येतात.

वाट बघणारी, तुझीच,
आई