उत्तरेकडच्या शेताचा विमा

मॅली, नोव्हेंबर

क्लाइव्ह,

दरवर्षी कापणीआधी पिकाचा विमा आपण भाऊबहीण बसून बघतो. यंदा तू एकटाच एजंटकडे जाऊन आलास आणि फक्त उत्तरेकडच्या शेताचा आगीचा विमा वाढवलास. तिथला गहू हिमाने पोचट झालाय, आणि आपल्या विम्यात हिम बसत नाही, आग बसते. मी विचारलं तर म्हणालास, "वेर्ना, तुला चहातसुद्धा पाल दिसते."

दिसते. हार्वेस्टरवरचा भुसा रोज हवेने उडवला नाही तर तापलेल्या इंजिनावर पेटतो, हे बाबांनी माझ्याआधी तुला शिकवलं. या आठवड्यात तू तो एकदाही उडवला नाहीस. त्या शेताच्या कुंपणाला लागून म्हातारी मॉरीन एकटी राहते, हेही तुला ठाऊक आहे.

काल मी एजंटला तिथला गहू दाखवला आणि विमा खाली आणला. जेवताना तुला सहज सांगितलं. तू नुसतं "बरं" म्हणालास.

आज उजाडायच्या आत शेडमधून हवेच्या पंपाचा आवाज आला. हार्वेस्टर नवा आणला तेव्हाही इतका स्वच्छ नव्हता.

विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं, म्हणून हे पत्र तुला देत नाही. उद्या उत्तरेच्या शेतात मात्र हार्वेस्टरवर मी तुझ्या शेजारी बसेन.

चहात पाल बघणारी,
वेर्ना