आधीच आलेली

३ जून, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी आणि घरापासून बँक हाकेच्या अंतरावर. आणखी काय हवं? नवरा बदली होईपर्यंत मागेच राहिला आहे, त्यामुळे पसाऱ्यावरची भांडणंही तूर्त बंद. सासूबाई सोबत आल्या आहेत. आमची चिमी, वय पाच, तोरा पन्नाशीचा, नव्या शाळेत न रडता गेली. रडले मीच.

माझं काम चेकच्या खोलीत आहे. पूर्वी चेकचा कागद प्रवास करत दुसऱ्या बँकेत पोचायचा. आता तो आमच्याकडेच थांबतो. यंत्र त्याचा पुढून-मागून फोटो काढतं, फोटो पुढे जातो आणि त्या फोटोवरच व्यवहार पुरा होतो. मग कागदाला काही किंमत नाही. तो काही वर्षं तळघरातल्या खोक्यात पडून राहतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. चुकून तोच कागद पुन्हा यंत्रात घातला, तर यंत्र त्याला बाजूच्या कप्प्यात टाकतं आणि पडद्यावर अक्षरं येतात, आधीच आलेला. मला या यंत्राचा स्वभाव आवडला. एकदा सांगितलेलं पुन्हा ऐकून न घेणाऱ्या माझ्या आत्याची आठवण झाली.

५ जून, बुधवार

फाटके, चुरगळलेले चेक यंत्रात जात नाहीत. ते काचेवर ठेवून हाताने फोटो घ्यावा लागतो. ते काम माझ्या शेजारच्या बाईंकडून शिकते आहे. त्या दिवसभर पांढरे हातमोजे घालून बसतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव मोजेबाई ठेवलं आहे. त्यांनी एकच गोष्ट तीनदा बजावली. चित्रात कागदाशिवाय काही जाता कामा नये. बोट जरी दिसलं, तरी फोटो रद्द करायचा आणि पुन्हा घ्यायचा. मी विचारलं, बोटाचेही पैसे मिळतात की काय. त्या हसल्या नाहीत. विनोद वाया गेला की मला फार वाईट वाटतं.

११ जून, मंगळवार

आज एक चेक आला, कोणाच्या तरी खिशात राहून कपड्यांबरोबर धुतला गेलेला. कोपरा काही केल्या खाली बसेना. अंगठ्याने दाबून धरला आणि फोटो घेतला. चित्रात माझा अख्खा अंगठा आला, रेषान्‌रेषा दिसत होत्या. रद्द करायला हवा होता, पण सकाळपासून चिमीला ताप, आणि आजचा गठ्ठा बंद करायची वेळ झालेली. जाऊ दे म्हटलं आणि पाठवून दिला. मोजेबाईंनी मान वर करून पाहिलं.

चिमीचा ताप उतरला. रात्रभर मला बिलगून झोपली.

१३ जून, गुरुवार

हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला, तर म्हणे आजची हजेरी लागलेली आहे. शिपायाने हसून सांगितलं की मॅडम, मघाशीच तर आलात. आता बँकेत माझ्याआधी मीच पोचायला लागले तर पगारही दुप्पट द्या, असं मी त्याला सुनावलं.

अंगठा जरा बधिर वाटतो. रेषाही पुसट झाल्यासारख्या.

१८ जून, मंगळवार

दुपारी चिमीला आणायला शाळेत गेले. बाई म्हणाल्या की तुम्हीच तर घेऊन गेलात. धावत घर गाठलं. चिमी घरातच होती, जेवत होती. केसांच्या दोन वेण्या घातलेल्या. माझ्याच्याने तिची एक वेणी धड होत नाही. कोणी घातल्या विचारलं, तर मला वेड्यात काढून म्हणाली, तूच की. सासूबाई करवादल्या, की आत्ता तिला वाढून बाहेर गेलीस आणि परत येऊन काय नाटकं करतेस.

मी सगळं घर, कपाटं, पलंगाखाली पाहिलं. कोणी नव्हतं. मला भीती वाटते आहे. लिहिताना पेन घसरतं.

२० जून, गुरुवार

मोजेबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या की तुमच्याआधी तुमच्या खुर्चीवर जी बाई होती, तिचाही हात गेला होता चित्रात. ती आता सुखात आहे, मुलंबाळं मजेत आहेत. मी विचारलं, मग खरी कुठे आहे? त्यांनी तळघराच्या जिन्याकडे पाहिलं आणि हातमोजे वर ओढले.

साहेबांकडे गेले. चित्र परत मागवा म्हटलं. ते म्हणाले की पुढच्या बँकेने ते स्वीकारलं आहे, आता काही करता येणार नाही. माझ्याकडे न पाहताच म्हणाले.

२४ जून, सोमवार

नवऱ्याला फोन केला. त्याने विचारलं, कोण बोलतंय. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, थट्टा पुरे, ती आत्ता माझ्याशी बोलून— आणि त्याने फोन ठेवला.

हात मनगटापर्यंत गुळगुळीत. रेष नाही. तीळ होता, तोही नाही—

२५ जून

किल्ली लागत नाही. खिडकीतून पाहिलं. तिची पाठ दिसली. माझा निळा कुर्ता. चिमी तिच्या मांडीवर—

मी काच वाजवली. कोणी वळलं नाही.

२६ जून

जिन्यात बसून लिहिते आहे. घंटा वाजवली. चिमीनेच दार उघडलं. म्हणाली, कोण हवंय तुम्हाला.

तुम्हाला.

मी तिचं घरचं नाव सांगितलं. पाठीवरचा डाग सांगितला. तापात कोणतं गाणं म्हणायचो ते म्हणून दाखवलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मी हात पुढे केला, हा असला हात, आणि ती किंचाळत आत पळाली.

दार उघडंच आहे. आतून माझाच आवाज येतो आहे. घाबरू नको, मी आहे ना, म्हणते आहे. चिमी गप्प झाली. लगेच गप्प झाली. माझ्याजवळ ती कधीच इतक्या लगेच—