मागच्या सीटवरचं वजन

उस्ताद, तुमची लेक फार आजारी आहे. खापरखेड्याहून नागपूरच्या दवाखान्यात न्यायला आपली जुनी दोन दारांची गाडीच आहे, आणि हल्ली वळणावर तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. प्रत्येक हेलकाव्याला मागे बसलेली तुमची लेक पुढची सीट घट्ट धरते, ओठ चावते. परवा म्हणाली, "आता नका नेऊ मले. घरीच राहू द्या." मी तिच्यावरच चिडलो. डॉक्टर म्हणतात, सुई चुकवू नका. ती म्हणते, रस्ता सोसवत नाही. मी कुणाचं ऐकू? रस्ता तरी सोसवेल असं करायला हवं, उस्ताद.

म्हणून आज गाडी अंगणात घेतली. मागच्या चाकाचा दांडा पुढे बॉडीला जोडतो तिथल्या चकत्या कमीजास्त केल्या की चाकाचं तोंड फिरतं, हे तुम्हीच शिकवलं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली आणि लकडगंजातलं तुमचं गॅरेज आठवलं. मी नवा, हुशारी दाखवायला घाईनं माप घेतोय. तुम्ही मागे येऊन उभे राहता. "काहून गा, रिकाम्या गाडीचं माप घेऊन राहिला? रिकाम्या गाडीत कोनाले नेणार हायेस?" मग डबा घेऊन आलेल्या लेकीला मागच्या सीटवर बसवता. वजन पडलं की गाडी खाली बसते, चाकं फाकतात, खरं माप तेव्हाच मिळतं. ती बोरं खात खिदळते, "बाबा, मले काय पोतं समजता काय?" मी दोरी सोडून तिच्याकडे पाहत राहतो. तुमचा पाना हळूच माझ्या डोक्यावर टेकतो. "दोरी इकडं हाय." पुढे तिचा हात तुम्हीच माझ्या हातात दिलात.

आज तिला तेवढा वेळ गाडीत बसवणं शक्य नव्हतं. तिच्या जागी वाळूचं पोतं ठेवायचं ठरवलं. दवाखान्याच्या काट्यावर तिचं वजन पाहिलं होतं, तेवढी वाळू किराणावाल्याच्या तराजूवर मोजून घेतली. "झालं भाऊ, बस करा," तो म्हणाला. पोतं निम्मंही भरलं नव्हतं. मी ते उचललं आणि तिथंच रडू आलं, लोकांसमोर. घरी येऊन पोतं भरत गेलो, ती पूर्वी होती तेवढं. माप त्यावरच घेतलं, चकत्या तशाच कसल्या.

आता तिच्या आजच्या वजनाहून जास्तीची वाळू काढून उशीच्या खोळीत भरतोय. उद्या ती बसेल तिथं पायाशी ठेवली की वजन पुरं होईल, गाडी सरळ जाईल. तिनं खिडकीतून विचारलं, "काय बांधून राहिले?"

"अंथरूण हाय वं. तुह्या पायाशी."

ती बरी होत गेली की थोडीथोडी वाळू काढत जायची, असं मनाशी ठरवलंय. तुम्ही तर गेलात, हा कागद कुठं पोस्टात टाकायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. काढण्याऐवजी अजून घालावी लागली तर, म्हणून अंगणात मी एक घमेलं वाळू जास्तीची आणून ठेवली आहे.